वूझेनमध्ये एक रात्र: पाण्यावरच्या जुन्या गावात मुक्काम कसा करावा

शांघायला कामानिमित्त आलेली आपली मंडळी वूझेन 'करून' येतात ते बहुतेक असं: सकाळी टूरच्या बसमध्ये बसायचं, भर दुपारी झेंडेवाल्या गाइडच्या मागे धक्के खात दोन-तीन तास फिरायचं, पुलावर फोटो काढायचे आणि रात्रीच्या जेवणाला परत शांघायमध्ये हजर व्हायचं. मग सोमवारी ऑफिसात सांगायचं, "छान आहे, पण फारच बाजारू झालंय."

भर दुपारी गेलं तर बाजारू वाटणारच. या गावाच्या चांगल्या वेळा दोनच: दिवसाच्या बसगाड्या परतल्यानंतरची रात्र आणि त्या पुन्हा यायच्या आधीची सकाळ. या दोन्ही वेळा आत मुक्कामाला असलेल्यालाच मिळतात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच असतं, की जायचं तर एक रात्र राहायचं, आणि तेही तिकिटाच्या फाटकाच्या आत. ते कसं जमवायचं हे क्रमाने सांगतो.

आपण नक्की कुठे चाललोय

यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या सपाट, पाणथळ मुलखाला जियांगनान म्हणतात. भात, तुती आणि रेशीम यांवर शेकडो वर्षं श्रीमंत झालेला हा भाग. माल होडीतून जायचा, त्यामुळे गावं कालव्यांच्या कडेने वाढली. घराचं पुढचं दार गल्लीत आणि मागच्या दाराला पायऱ्या थेट पाण्यात. अशी गावं बरीच आहेत: झोऊझुआंग, शीतांग, तोंगली, नानशुन, झूजियाजियाओ. वूझेन त्यांतलंच एक, झेजियांग प्रांतात, जियाशिंग शहराच्या हद्दीतल्या तोंगशियांगमध्ये. बीजिंगपासून हांगझोऊपर्यंत जाणारा महाकालवा गावाला लागून जातो. त्या कालव्याला 2014 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. 1950 पर्यंत इथे खरं तर दोन गावं होती, नदीच्या एका काठावर वू आणि दुसऱ्यावर छिंग, दोघांचा कारभारही वेगवेगळा. कादंबरीकार माओ दुन 1896 मध्ये इथेच जन्मले. चीनमधला कादंबरीसाठीचा सर्वांत मानाचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

आता 'पुनरुज्जीवन' या प्रकाराबद्दल, कारण ते माहीत नसेल तर अपेक्षाभंग ठरलेला. 1999 मध्ये इथल्या जुन्या वस्तीत आग लागली आणि त्यानंतर गाव वाचवायचं काम मनावर घेतलं गेलं. चेन शियांगहोंग या इथल्याच माणसाकडे ते सोपवलं होतं. पूर्वेकडचा भाग, म्हणजे डोंगझा, 2001 मध्ये पर्यटकांना खुला झाला. पश्चिमेकडचा भाग, शीझा, 2007 मध्ये. डोंगझात काही घरांमधून माणसं राहत राहिली. शीझात मात्र कंपनीने घरं विकत घेतली, रहिवाशांना बाहेर नवी घरं दिली, गल्ल्यांमधल्या दगडी फरश्या उचलून खालून वीज, गॅस, सांडपाणी आणि इंटरनेटच्या लाइनी नेल्या आणि फरश्या परत बसवल्या. मधेच उगवलेल्या सिमेंटच्या इमारती पाडल्या. वर बघा, एकही तार दिसणार नाही.

म्हणजे हे खरं गाव की गावाच्या आकाराचं हॉटेल? माझ्या मते, हॉटेलच. पण लाकूड आणि दगड कळणाऱ्या माणसांनी बांधलेलं. हे मनाशी पक्कं करून गेलात की मजा येते. 'अस्सल चिनी खेडं' शोधायला गेलात तर पहिल्याच गल्लीत तोंड वाकडं होईल.

कधी जावं

एप्रिल आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर, हे उत्तम. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत इकडे चिकट, संततधार पाऊस असतो. आपल्याला पावसाचं काय कौतुक, पण कोकणातल्यासारखा तो जोर करून मोकळा होत नाही, नुसता रिपरिपत बसतो आणि कपडे वाळत नाहीत. जुलै-ऑगस्टला पारा पस्तिशीच्या वर आणि हवा मुंबईच्या मेसारखी. जानेवारीत थंडी आकड्यात फार नसते, शून्याच्या थोडी वर, पण ओली असते, हाडात शिरते. लाकडी घरात एसीची गरम हवा हाच काय तो आधार. तरी हिवाळ्याचा एक फायदा आहे: गर्दी नाही, आणि मटण. त्याबद्दल पुढे.

काही तारखा मात्र डोळे मिटून टाळा. 1 ते 7 ऑक्टोबर, 1 मेची सुट्टी, चिनी नववर्ष, एप्रिलच्या सुरुवातीचा छिंगमिंग, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचा सण. या दिवसांत पुलावर उभं राहायलाही जागा मिळत नाही आणि खोलीचे भाव दुप्पट-तिप्पट होतात. साधा शनिवारही जड जातो. रविवारी दुपारी पोचून सोमवारी निघता आलं तर तोच सर्वांत शहाणपणाचा मार्ग.

नाटकवेड्यांसाठी एक वेगळी गोष्ट. 2013 पासून इथे आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव भरतो, अलीकडे बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास. गल्लीबोळांत, पुलांवर, होड्यांवर प्रयोग चालतात. शिवाय क्रिस याओ या वास्तुरचनाकाराने बांधलेलं मोठं नाट्यगृह आहे, जोडकमळाच्या कल्पनेवर बेतलेलं. ज्यांना एकांकिका स्पर्धांची सवय आहे त्यांना हा माहोल लगेच ओळखीचा वाटेल. फक्त खोली कित्येक आठवडे आधी धरावी लागते. 2014 पासून इथे जागतिक इंटरनेट परिषदही भरते. त्या दिवसांत बंदोबस्त कडक असतो आणि पर्यटकांना फिरायला मर्यादा येतात, म्हणून त्या वर्षीची तारीख बघूनच बेत करा.

कागद, फोन, पैसे

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावाच लागतो. मधल्या थांब्यावर विनाव्हिसा काही दिवस राहायची सवलत अनेक देशांना आहे, आपण त्या यादीत नाही, तेव्हा कुठल्या तरी युरोपियन माणसाचा व्हिडिओ बघून तिकीट काढू नका. पासपोर्ट मूळ प्रत सोबत हवी. रेल्वेत, हॉटेलात, तिकीटखिडकीवर, सगळीकडे तोच लागतो. फोनमधला फोटो चालत नाही.

घोडं अडतं ते पैशांवर. रोख घ्यायला दुकानदार नाही म्हणत नाहीत, पण शंभर युआनची नोट दिली की सुट्ट्यांसाठी शोधाशोध सुरू होते. फोनवरून पैसे द्यायचं अलिपे हे अॅप भारतातूनच उतरवून घ्या, पासपोर्टने ओळख पटवून घ्या आणि आपलं आंतरराष्ट्रीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. दोनशे युआनच्या आतल्या व्यवहाराला जादा आकार पडत नाही, वर गेलं की तीन टक्के. म्हणून चहापाण्याला अलिपे, खोलीचे पैसे शक्य असेल तर आधीच बुकिंग साइटवरून. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू केलाय का, हे निघायच्या आधी बघा. वीचॅट पेही दुसरा पर्याय म्हणून जोडून ठेवा, कारण एखाद्या ठिकाणी एक चालत नाही तेव्हा दुसरं चालतं.

गूगल, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम चीनमध्ये बंद असतात. आपल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग असेल तर डेटा आपल्याच कंपनीच्या जाळ्यातून जातो आणि हे सगळं सुरू राहतं. हॉटेलच्या वायफायवर मात्र नाही. नकाशासाठी गाओदे, म्हणजेच अॅमॅप, वापरा. गूगलचा नकाशा इथे उघडला तरी तो भलतीकडेच उभं करतो. भाषांतराच्या अॅपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा. वूझेनच्या हॉटेलांच्या काउंटरवर थोडंफार इंग्रजी चालतं, खानावळीत अजिबात नाही.

खोली कुठली घ्यावी

सगळा प्रवास या एका निर्णयावर अवलंबून आहे. बुकिंग साइटवर 'वूझेन' टाकलं की शेकडो हॉटेलं दिसतात. त्यांतली बहुसंख्य फाटकाच्या बाहेरची असतात, काही अगदी फाटकाला खेटून. फोटो तेच, कंदील तेच, भाव निम्मा. स्वस्तात राहायचं असेल तर ती वाईट नाहीत, पण रात्री दिवे मालवल्यावर तुम्हाला बाहेर पडावं लागतं आणि सकाळी फाटक उघडेपर्यंत थांबावं लागतं. मग मुक्कामाचा उपयोग काय? खोली 'शीझा दर्शनक्षेत्राच्या आत' आहे का, हे नकाशावर बघून खात्री करा. खोली शीझाच्या मुख्य गल्लीला किंवा कालव्याला लागून दिसायला हवी.

आतमध्ये दोन प्रकार आहेत. एक, मोठी हॉटेलं: लिफ्ट, मोठं न्याहारीघर, तिकडे इंग्रजी बोलणारा कोणीतरी. दुसरा, मिनसू, म्हणजे घरगुती मुक्काम. पुनर्बांधणी केलेल्या जुन्या घरात चार-सहा खोल्या, खाली एक-दोन जेवणाची टेबलं आणि घर सांभाळणारं एक जोडपं. खोल्यांचा व्यवहार कंपनीकडे आणि जेवणाचा या जोडप्याकडे, अशी साधारण वाटणी असते. घरच्या बाईंना सगळे 'आयी' अशी हाक मारतात, म्हणजे मावशी. पहिल्यांदा येणाऱ्याने मिनसूच घ्यावं असं मी म्हणेन, पण म्हातारे आई-बाबा सोबत असतील तर हॉटेल घ्या, कारण मिनसूचे लाकडी जिने उभे असतात, आणि आपली चोवीस इंची बॅग त्यावरून चढवणं म्हणजे वेगळाच व्यायाम.

मिनसूमध्येही 'पाण्याकडची खोली' वेगळी मागावी लागते आणि थोडी महाग असते. पैसे द्या. रात्री खिडकी उघडली की खालून वल्ह्याचा आवाज येतो, त्यासाठीच तर आलो. डास मात्र असतात. उन्हाळ्यात ओडोमॉस घरूनच आणा.

प्रवेशाचं तिकीट आणि खोलीचं भाडं बहुतेक वेळा वेगळं असतं. काही पॅकेजमध्ये दोन्ही एकत्र मिळतात, तेव्हा बुकिंग करताना नीट वाचा. डोंगझा आणि शीझाचं जोड तिकीट सुटी दोन काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. गेली काही वर्षं ते दोनशे युआनच्या आतबाहेर आहे. आत राहणाऱ्याला मुक्कामाच्या काळात शीझात पुन्हा ये-जा करता येते, पण चेहऱ्याची नोंद काउंटरवर करून घ्यायला विसरू नका.

पोचायचं कसं

सर्वांत सरळ रस्ता: शांघायच्या होंगछियाओ स्टेशनवरून वेगवान गाडीने तोंगशियांग. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून वेळ बघून तिकीट काढा. विक्री साधारण पंधरा दिवस आधी सुरू होते. रेल्वेच्या 12306 या अॅपवर पासपोर्ट नोंदवता येतो, पण पडताळणीला वेळ लागू शकतो. ट्रिप डॉट कॉमवरून काढणं सोपं, थोडा आकार जास्त. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. स्थानिकांची यंत्राची फाटकं आपला पासपोर्ट वाचत नाहीत, तेव्हा कडेला माणूस बसलेली रांग शोधा. स्टेशनवर विमानतळासारखी तपासणी असते आणि गाडीच्या काही मिनिटं आधीच फाटक बंद होतं. दादरला धावत गाडी पकडायची सवय इथे कामाची नाही.

विमानाने शांघायच्या पुडोंग विमानतळावर उतरत असाल तर होंगछियाओ शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मेट्रोने दीड तासाहून जास्त धरा. सकाळी उतरून त्याच दुपारी वूझेन गाठायची घाई नवख्याने करू नये, एक रात्र शांघायमध्ये काढावी. हांगझोऊहून येणाऱ्यांना तोंगशियांग आणखी जवळ पडतं.

तोंगशियांग स्टेशनवरून वूझेनपर्यंत स्थानिक बस आहे आणि दीदी टॅक्सी अलिपेमधूनच बोलावता येते. टॅक्सीने अर्धा ते पाऊण तास. चालकाला 'वूझेन' एवढंच सांगू नका, 'शीझा' आणि तिथलं पर्यटक केंद्र असं अॅपमध्येच टाका. नाहीतर तो इमानेइतबारे डोंगझाच्या दारात नेऊन उभा करेल. दोन्ही दीड-दोन किलोमीटरवर आहेत, सामानासकट पायी जीव जातो.

पोचल्यावरचा पहिला तास

शीझाच्या पर्यटक केंद्रात शिरल्यावर तिकीटखिडकीकडे धावू नका. आधी मुक्कामाचा काउंटर शोधा. आतल्या सगळ्या हॉटेलांची आणि मिनसूंची नोंदणी तिथेच होते. पासपोर्ट, व्हिसाचं पान, चेहऱ्याचा फोटो, अनामत रक्कम. परदेशी माणसाची पोलिसांकडे चोवीस तासांत नोंद व्हावी लागते, ती हेच लोक करतात. म्हणून अर्धा तास लागला तरी चुळबुळ करू नका. खोली दुपारी दोननंतरच मिळते. आधी पोचलात तर बॅग इथेच ठेवा. बॅग थेट खोलीवर पोचवायची सोय आहे का, ते विचारा. दगडी फरश्यांवरून चाकाची बॅग ओढणं बॅगेलाही मानवत नाही आणि शेजाऱ्यांनाही.

मोकळे हात घेऊन आता डोंगझाला जा. डोंगझा संध्याकाळीच बंद होतो, शीझा रात्री उशिरापर्यंत चालतो, म्हणून क्रम हाच. इथे माओ दुन यांचं घर बघा, जुन्या कोरीव पलंगांचं संग्रहालय बघा. मग निळीच्या कापडाचा कारखाना. उंच बांबूंवरून खाली सोडलेले निळे-पांढरे पट्टे सगळ्यांच्या फोटोत असतात, पण खरी गंमत आतल्या टेबलावर आहे. तेल पाजलेल्या जाड कागदात नक्षी कापलेली असते. तो कागद पांढऱ्या कापडावर ठेवून वरून सोयाबीनचं पीठ आणि चुन्याची लापशी खरवडणीने पसरतात. कागद उचलला की नक्षीच्या जागी पिवळट थर राहतो. तो वाळला की कापड निळीत बुडवायचं, वर काढायचं, वारा द्यायचा, पुन्हा बुडवायचं. शेवटी सुरीने तो थर खरडून काढला की खालचं पांढरं उघडं पडतं. कापडावर नख फिरवून बघा, खऱ्या हातच्या कामात पांढऱ्या भागात बारीक निळ्या भेगा सापडतात, कारण लापशी वाळताना तडकते आणि नीळ त्यात शिरते. दुकानांत छापील नक्कलही मिळते, त्यात या भेगा एकसारख्या, ठरावीक अंतराने असतात.

होडीत उंच बांबू रोवून त्यावर कसरत करणारा एक माणूस तुम्हाला दिसेल. तो रेशीमकिड्याची नक्कल करतो. या भागात रेशमाचं पीक चांगलं यावं म्हणून हा खेळ जत्रेत व्हायचा. वेळापत्रक फाटकावर लावलेलं असतं.

एवढं झालं की चार-साडेचारला परत शीझाकडे.

रात्र

शीझात जायचं तर छोटी फेरी होडी घ्या. पूलही आहे, पण पाण्यावरून शिरणं बरं. आत गेल्यावर पहिल्या गल्लीत गर्दी असेलच. तिथे रेंगाळू नका, मुख्य गल्ली जवळपास दोन किलोमीटर लांब आहे, पश्चिम टोकाकडे चालत सुटा. गर्दी निम्म्यावरच विरघळते. सगळ्यात शेवटी पांढऱ्या कमळाच्या नावाचा मनोरा आणि त्याच्यापलीकडे महाकालवा. तिथून अजूनही रेती-सिमेंटच्या लांबलचक बार्जेस जातात. सजवलेल्या गावातून येऊन हे धडधडतं, तेलकट, कामाचं पाणी बघणं मला फार आवडतं. इकडे फारसं कोणी येतही नाही.

अंधार पडायच्या वेळी जोडपुलांपाशी असावं. तोंगजी आणि रेनजी हे दोन पूल काटकोनात आहेत, एकाच्या कमानीतून दुसरा दिसतो. दिवे लागतात तेव्हा सगळं एकदम झगमगत नाही. कडा, छज्जे, पुलांच्या कमानी तेवढ्याच उजळतात, भिंती काळ्या राहतात. वल्ह्याची होडी घ्यायची तर याच वेळी. भाडं पूर्ण होडीचं असतं, तेव्हा चौघं-पाचजण मिळून घेतली तर परवडते. संध्याकाळी रांग लागते, म्हणून तिकीट दुपारीच काढून ठेवा.

साडेआठनंतर बसवाले ग्रूप निघतात. मग पिंगतानचं एक छोटं सभागृह आहे, सूझोऊकडच्या बोलीत तंतुवाद्यांच्या साथीने गोष्ट सांगायची कला. एक शब्द कळत नाही, तरी कीर्तन ऐकलेल्या माणसाला कथेकरी कुठे थांबतो आणि कुठे खेळवतो ते बरोबर समजतं. उघड्यावर जुने सिनेमेही दाखवतात. दहाच्या आसपास दिवे टप्प्याटप्प्याने मालवतात. त्यानंतर तासभर चाला. पब-बिबचा एक तुकडा सोडला तर आपल्याच चपलांचा आवाज येतो.

पोटोबा

इथलं जेवण तिखट नाही, गोडसर-खारट असतं. सोया सॉस, साखर, राइस वाइन. मांसाहारी माणसाची चंगळ आहे: हिवाळ्यात लाल रश्श्यात तासन्‌तास शिजवलेलं मटण, कातडीसकट, चिकट आणि मऊ. सकाळी तेच नूडल्सवर घालून मिळतं. वाफवलेले गोड्या पाण्यातले मासे, छोट्या कोळंब्या. कुजका टोफू तळून रस्त्यावर विकतात, त्याचा वास लांबूनच कळतो. चव वासाइतकी भयंकर नाही.

शाकाहाऱ्यांनी तयारी करून जावं. 'मी शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही, कारण भाजीत डुकराची चरबी आणि मटणाच्या हाडांचं पाणी सर्रास पडतं. शांघायमधल्या चिनी सहकाऱ्याकडून फोनमध्ये चार ओळी लिहून घ्या: मांस, मासे, कोळंबी, चरबी, हाडांचं पाणी, ऑयस्टर सॉस नको, अंडं चालतं किंवा चालत नाही. मिनसूच्या आयीला हे दुपारीच दाखवा. ऐन गर्दीत दाखवलंत तर ती मान हलवेल आणि सवयीने चरबीतच फोडणी देईल. हिरवी पालेभाजी, टोमॅटो-अंडं, टोफू, पाणबांबूचा कोंब, चिकट तांदूळ भरलेला गोड कमळकंद, एवढं हमखास मिळतं. मिठायांमध्ये गुलाबी, वाफवलेला, आत लाल घेवड्याचं पुरण असलेला दिंगशेंग केक घ्या. गूसाओ नावाची छोटी गोल खुसखुशीत वडी दिसायला नानकटाईची बहीण, पण तिच्यात डुकराची चरबी असते. घरी प्रसादासारखी वाटायला नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खोलीत किटली असतेच. वेष्टनबंद पोहे-उपमा आणि थोडी शेंगदाण्याची चटणी बॅगेत असली की रात्री दहा वाजता खानावळी मिटल्यावर उपाशी झोपायची वेळ येत नाही. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा बाटलीतलं. तोंगशियांगची पांढरी शेवंती प्रसिद्ध आहे, तिचा चहा काचेच्या पेल्यात मागवा. पाणी संपलं की पुन्हा ओतून देतात.

सकाळ

गजर साडेपाच-सहाचा लावा. आळस केलात तर निम्मे पैसे वाया. उजाडताना कालव्यावर धुरकट वाफ असते, सफाई कामगार होडीतून जाळीने पानं गोळा करत असतात आणि आयी दारातली फरशी धूत असते. फोटो काढायचे ते आत्ता. नऊच्या सुमाराला फाटक उघडलं की अर्ध्या तासात सगळं बदलतं.

कालव्यावरच्या चौकात सकाळी पाण्यावरचा बाजार भरतो, होड्यांतून भाजी-फळं विकतात. अर्धा बाजार, अर्धा देखावा. काठावरच्या चहाघरात बसून वाफाळते बाओझी, म्हणजे सारण भरलेले वाफवलेले पाव, खात तो बघावा. मग उरलेल्या वेळात दोनच गोष्टी निवडा. माझी पहिली पसंती शूछांग सोया सॉसच्या कारखान्याला. 1859 मध्ये सुरू झालेली ही पेढी. अंगणात माणूस बसेल एवढ्या मातीच्या रांजणांच्या रांगा, प्रत्येकावर बांबूची शंकूसारखी टोपी. ऊन असेल तेव्हा टोपी काढतात, पावसाची चाहूल लागली की घालतात. महिनोन्‌महिने हेच चालतं. एखादा रांजण उघडा असेल तर वाकून वास घ्या, आपल्या घरच्या मुरलेल्या लोणच्याच्या बरणीची आठवण आल्याशिवाय राहणार नाही.

दुसरी, मू शिन यांचं कलासंग्रहालय. चित्रकार आणि लेखक, 1927 मध्ये इथेच जन्मले, बरीच वर्षं न्यूयॉर्कमध्ये काढून शेवटी गावी परतले आणि 2011 मध्ये गेले. संग्रहालय 2015 मध्ये उघडलं. काँक्रीटचं, शांत, पाण्यावर ठेवल्यासारखं. जुन्याचा सोस नसलेली एवढी एक इमारत बघून डोळ्यांना आराम मिळतो. सोमवारी चीनमधली बरीच संग्रहालयं बंद असतात, तेव्हा तुमचा दिवस सोमवार असेल तर आधी विचारा.

पूर्वी चीनमध्ये मुलींचे पाय लहान राहावेत म्हणून ते घट्ट बांधायची प्रथा होती, त्या पायांतल्या जोड्यांचं संग्रहालयही शीझात आहे. तळहातावर मावतील एवढे रेशमी जोडे काचेत मांडलेत. लहान मुलांना नेताना विचार करा, नंतर प्रश्नांची सरबत्ती होते.

निघताना

खोली बारापर्यंत सोडावी लागते. आयीला किल्ली देऊन चालणार नाही, अनामत परत घ्यायला पर्यटक केंद्रातल्या त्याच काउंटरवर जावं लागतं. सामान पुन्हा तिथे पोचवायला सांगा. तोंगशियांगहून परतीची गाडी दोननंतरची धरा, रविवारी संध्याकाळची तिकिटं आधीच संपतात.

आणि जाता जाता सानबाई दारू घ्यायचा मोह होईल. भाताची, पांढरी, चांगलीच कडक. भट्टीवर मोठ्या रांजणातून मोजून मातीच्या बुटकुल्यात भरून देतात, बुटकुलं दिसतंही देखणं. पण अशी सुटी भरलेली दारू रेल्वेत नेऊ देत नाहीत, स्टेशनच्या तपासणीत काढून घेतात. न्यायचीच असेल तर कारखान्यात सील केलेली, लेबलावर अल्कोहोलचं प्रमाण छापलेली बाटली घ्या. बुटकुलं रिकामं विकत मिळतं.